शिकवलेल्या रिमोटवर १२१ चॅनल लागतं पण ११२ लागत नाही? बटण खराब नाहीये, टॉगल बिट अडकलाय

ज्यांना हा त्रास झालाय त्यांना दोन ओळीतच कळेल मी कशाबद्दल बोलतेय. लर्निंग रिमोट, म्हणजे दुसऱ्या रिमोटचे सिग्नल ऐकून पाठ करणारा रिमोट, आणला, ओरिजिनल रिमोटच्या तोंडासमोर तोंड ठेवून एकेक बटण शिकवलं, प्रत्येक वेळी लाईट लुकलुकला, म्हणजे शिकलं. लगेच तपासून बघितलं तर चाललं पण. आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू, आवाज एक घर वाढतो नि थांबतो, मग दाबत राहिलं की एकदम सुसाट वाढत जातो, पॉज होतं पण त्याच बटणाने परत सुरू होत नाही, आणि एकच आकडा लागोपाठ दोनदा येणारं चॅनल काही केल्या लागत नाही.

आमच्याकडे हे सांगलीला झालं. बाबांना बारीक अक्षरं दिसत नाहीत आणि सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवर पन्नासेक बटणं, म्हणून मी पुण्याहून तापकीर गल्लीतून एक मोठ्या बटणांचा लर्निंग रिमोट घेऊन गेले, बसून सगळी बटणं शिकवली आणि परत आले. चार दिवसांनी बाबांचा फोन, "अगं, ११२ दाबतो तर १२ लागतंय." मी म्हटलं बाबा नीट दाबा. हे मी म्हणायला नको होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यानंतर दोन महिने ते माणूस आपलंच बोट कमी पडतंय असं समजून एकचं बटण जोर लावून दाबत होतं. पुढच्या वेळी गेले तेव्हा त्या एकाच बटणाचं रबर खाली बसलेलं होतं.

मी आपली नेहमीची सगळी औषधं करून झाले. नवे सेल घातले. सगळं पुसून परत शिकवलं, एकदा नाही तीनदा. ट्यूबलाईट बंद करून शिकवलं, खिडकी लावून शिकवलं, अंतर दोन सेंटीमीटर, पाच सेंटीमीटर, सगळं. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून रिमोटचा एलईडी बघितला, जांभळट लुकलुक व्यवस्थित दिसत होती. (मागच्या कॅमेऱ्याला बरेचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे काही दिसलं नाही तर आधी पुढच्या कॅमेऱ्याने बघा, लगेच रिमोट मेला म्हणू नका.) काहीच फरक नाही. ११२ ला १२, १२२ ला पण १२.

मग एकदा मी सहज १२१ दाबलं आणि ते पहिल्या फटक्यात लागलं.

इथे डोक्यात ट्यूब पेटली. १२१ मध्ये एक दोनदा आहे, पण मध्ये दोन आहे. म्हणजे बटण दोन्ही वेळा चालतंय, फक्त लागोपाठ दाबलं की बॉक्स दुसरं दाबणं धरत नाहीये. तुमच्याकडे हा त्रास असेल तर बाकी काहीही करायच्या आधी एवढं बघा, मधे दुसरा आकडा असलेला नंबर आणि लागोपाठ तोच आकडा असलेला नंबर, दोन्ही शिकवलेल्या रिमोटने, आणि मग तेच ओरिजिनल रिमोटने. ओरिजिनलने दोन्ही लागले आणि शिकवलेल्याने फक्त पहिला लागला, तर नव्याण्णव टक्के तुमचा प्रश्न टॉगल बिटचा आहे (तो काय असतो ते पुढे सांगते) आणि तुम्ही शंभर वेळा परत शिकवलंत तरी तो सुटणार नाही.

आता हे होतं कशामुळे. रिमोट बोलतात त्या भाषा वेगवेगळ्या आहेत, त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. आपल्याकडे स्वस्तातल्या बहुतेक वस्तूंमध्ये एनईसी नावाचा प्रोटोकॉल सापडतो. त्यात बटण दाबलं की एकदा पूर्ण संदेश जातो, सुरुवातीला ९ मिलिसेकंद लाईट, ४.५ मिलिसेकंद गप्प, मग ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ असे ३२ आकडे. बटण दाबून धरलं तर पूर्ण संदेश परत जात नाही, दर १०८ मिलिसेकंदांनी एक छोटासा "अजून दाबलेलंच आहे" असा इशारा जातो. त्यामुळे समोरच्याला कळतं की पूर्ण संदेश आला म्हणजे नवीन दाबणं, छोटा इशारा आला म्हणजे तेच दाबणं चालू.

फिलिप्सने काढलेला आरसी-५ यापेक्षा वेगळा विचार करतो. त्यात एकूण १४ बिट, प्रत्येक बिटला १.७७८ मिलिसेकंद, म्हणजे सगळा संदेश साधारण २५ मिलिसेकंदात आटोपतो, आणि बटण दाबून धरलं की तोच्या तोच पूर्ण संदेश दर ११४ मिलिसेकंदांनी परत परत जातो. मग बॉक्सला कसं कळणार की माणसाने एक दाबून धरलंय का एक सोडून परत एक दाबलंय? त्यासाठी १४ पैकी तिसरा बिट राखून ठेवलाय, तोच टॉगल. प्रत्येक नव्या दाबण्याला रिमोट तो बिट उलटा करतो, आत्ता ० असेल तर पुढच्या वेळी १, त्याच्या पुढच्या वेळी परत ०. बटण धरून ठेवलंय तोवर तो बदलत नाही. बॉक्स एवढंच बघतो, तोच आकडा आणि तोच टॉगल म्हणजे धरून ठेवलंय, तोच आकडा पण टॉगल उलटा म्हणजे नवीन दाबलंय. फार सुंदर युक्ती आहे ही, एका बिटात काम. आरसी-६ मध्येही हेच आहे, तिथे तो बिट बाकीच्यांच्या दुप्पट लांबीचा असतो एवढंच.

आणि लर्निंग रिमोट म्हणजे पोपट. त्याला भाषा कळत नाही, त्याने ऐकलं ते तसंच्या तसं म्हणायचं. तुम्ही शिकवताना ओरिजिनल रिमोटचा टॉगल ० होता तर त्या बटणाचा टॉगल जन्मभर ०. बाबा एक दाबायचे, टॉगल ०. परत एक, टॉगल ०. बॉक्स म्हणायचा, अजून धरूनच ठेवलंय की. मग दोन दाबलं की आकडा बदलला, म्हणजे नवीन. झाले १२. आवाजाचंही तेच, टक टक टक दाबलं की बॉक्सला वाटतं बटण धरून ठेवलंय, मग तो आधी जरा थांबतो आणि मग धरून ठेवल्यावर वाढवतो तसा सुसाट वाढवत सुटतो. काही उपकरणं दोन दाबण्यांच्या मधे थोडा वेळ गेला की स्वतःच विसरतात आणि पुढचं दाबणं नवीन धरतात, त्यांच्यात हा त्रास कमी जाणवतो, म्हणूनच एकाच रिमोटने टीव्ही नीट चालतो आणि बॉक्स नाही असं होतं आणि आपण बॉक्सला नावं ठेवतो.

खात्री करायची असेल तर डोळ्याने बघता येतं. मी एक नोडएमसीयू नावाचा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आणि एक तीन पायांचा आयआर, म्हणजे इन्फ्रारेड, रिसीव्हर लावला. इथे एक सांगते कारण यात माझा एक रिसीव्हर जळालाय, टीएसओपी१७३८ आणि टीएसओपी३८२३८ दिसायला भाऊ-भाऊ आहेत पण पायांचा क्रम वेगळा आहे, आणि १७३८ ला ५ व्होल्ट लागतात, ३८२३८ मात्र ३.३ वर आरामात चालतो, नोडएमसीयूला हाच घ्या आणि डेटाशीट बघूनच वायरी जोडा. त्यावर आयआररिमोटईएसपी८२६६ ही लायब्ररी घालून तिचं डंपचं उदाहरण चालवलं की दाबलेल्या प्रत्येक बटणाचा प्रोटोकॉल आणि आकडा स्क्रीनवर येतो. आरसी-५ असेल तर ओरिजिनल रिमोटचं एकच बटण दाबत राहा, दोन आकडे आलटून पालटून येतील. जुन्या फिलिप्स टीव्हीच्या रिमोटचं पॉवरचं बटण हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या मोजणीत, एकदा सी येतं, एकदा ८०सी. आवाज वाढवायचं १० आणि ८१०. फरक नेमका ८००, तोच टॉगल बिट. मग शिकवलेल्या रिमोटचं तेच बटण दाबा, दहा वेळा दाबलंत तरी दहाही वेळा एकच आकडा. हे स्क्रीनवर बघितलं तेव्हा मी बाबांना शेजारी बसवून दाखवलं, की बघा तुमचं बोट प्रत्येक वेळी नीट पोचतंय, रिमोटच तेच तेच बोलतोय.

उपायाकडे यायच्या आधी एक, सगळ्याच "कधी चालतं कधी नाही" चं कारण टॉगल नसतं. १२१ पण लागत नसेल तर दुसरीकडे बघा. शिकवताना ओरिजिनल बटण आधीच दाबून ठेवलं आणि मग लर्निंग सुरू केलं तर एनईसीमध्ये नुसता तो छोटा इशारा रेकॉर्ड होतो, ज्यात बटणाचा आकडाच नसतो, मग लाईट लुकलुकतो पण उपकरण ढिम्म, त्यावर उपाय एवढाच की लर्निंग चालू झाल्यावर बटण टिचकी मारल्यासारखं दाबायचं. सोनीच्या उपकरणांना तोच संदेश निदान तीनदा यावा लागतो, पोपटाने एकदाच म्हटलं तर ती लक्षच देत नाहीत. जवळून चालतं आणि सोफ्यावरून नाही, असं असेल तर एक तर सेल उतरलेत नाहीतर कॅरियर, म्हणजे एलईडी ज्या मूळ वेगाने लुकलुकतो तो, चुकलाय, एनईसी ३८ किलोहर्ट्झवर असतो, आरसी-५ ३६ वर, सोनी ४० वर, आणि काही स्वस्त रिमोट सगळंच ३८ वर म्हणतात, रिसीव्हरला ते ऐकू येतं पण लांबून नाही. आणि टीव्ही स्टिकचे रिमोट बहुतेक ब्लूटूथचे असतात, ते आयआरने शिकवताच येत नाहीत, त्यांच्यावरचं टीव्हीचा आवाज आणि पॉवर तेवढं आयआर असतं.

एसीचं वेगळंच. एसीचा रिमोट "तापमान एकने वाढव" असं सहसा सांगत नाही, प्रत्येक बटणाला सगळीच्या सगळी अवस्था पाठवतो, मोड, तापमान, पंखा, स्विंग, सगळं. म्हणून एसीचं "वाढवा" बटण शिकवलं की ते कायम एकाच तापमानावर, समजा २५ वर, नेऊन ठेवतं आणि माणूस म्हणतो हे पण अडकलं. ते अडकलेलं नाही, ते जे शिकलं तेच सांगतंय. एसीसाठी बटणं अशीच शिकवावीत, एक २४ कूल, एक २७ कूल, एक बंद, बस.

आता टॉगलवर काय करायचं.

सगळ्यात आधी, शिकवू नका. तुमच्या युनिव्हर्सल रिमोटमध्ये त्या उपकरणाचा तयार कोड असेल तर तो लावा. तयार कोडमध्ये रिमोट पोपट नसतो, त्याला भाषा येते, तो संदेश स्वतः बनवतो आणि टॉगल स्वतः उलटा करतो. एकाच कंपनीचे सात-आठ कोड दिलेले असतात, आपण पहिल्या कोडवर पॉवर चालला की थांबतो, थांबू नका, ११ दाबून बघा. जो कोड ११ लावेल तो खरा. बरेचदा सगळी बटणं चालणारा कोड सापडत नाही, मग आकडे आणि आवाज तयार कोडवर ठेवा आणि राहिलेली दोन-तीन बटणं तेवढी शिकवा, मेनू, बॅक असली लागोपाठ न लागणारी.

कोड नाहीच मिळाला आणि रिमोटमध्ये मॅक्रो, म्हणजे एका बटणावर अनेक बटणं लागोपाठ पाठवायची सोय, असेल तर दुसरी युक्ती. बॉक्सवर काहीच परिणाम न करणारं एखादं बटण शोधा, आमच्या बॉक्सला रंगीत बटणांपैकी निळ्याने काही होत नव्हतं. ते शिकवा आणि एकच्या बटणाला मॅक्रो द्या, एक आणि लगेच निळं. बॉक्सला एक, निळं, एक, निळं असं ऐकू येतं, मधे दुसरं काहीतरी आलं म्हणून दुसरा एक नवीन धरला जातो. आकड्यांना हे छान चालतं. आवाजाला चालत नाही, कारण मग बटण धरून आवाज वाढवता येत नाही.

मॅक्रो नसेल तर दोन बटणांचा उपाय, आवाजासाठी मी काही दिवस हाच केला होता. तेच ओरिजिनल बटण दोन वेगवेगळ्या बटणांवर शिकवायचं, एकावर टॉगल ०, दुसऱ्यावर १, आणि आलटून पालटून दाबायचं. लागोपाठ शिकवलं की टॉगल आपोआप उलटा येतो. पण एक ध्यानात ठेवा, काही लर्निंग रिमोट खात्रीसाठी ओरिजिनल बटण दोनदा दाबायला लावतात आणि दोन्ही सारखे नसले की एरर देतात, आरसी-५ मध्ये ते सारखे नसणारच. अशा वेळी दोन दाबण्यांच्या मधे ओरिजिनल रिमोट दुसरीकडे वळवून कुठलंही एक बटण दाबा, टॉगल कुठल्याही बटणाने उलटतो, म्हणजे तो परत जागेवर येतो आणि दुसरं दाबणं पहिल्यासारखं निघतं. "हे बटण शिकतच नाही" म्हणून लोक जे रिमोट परत करतात त्यातले काही नुसते एवढ्याने शिकतील.

पण बाबांना आलटून पालटून दाबा असं सांगणं मला पटेना. म्हणून शेवटी मी दुभाषा बसवला. मोठ्या बटणांच्या रिमोटला घरात नसलेल्या एका टीव्हीचा एनईसी कोड शिकवला, म्हणजे त्याने काही दाबलं तरी घरातलं एकही उपकरण हलत नाही. टीव्हीखाली नोडएमसीयू ठेवला, तो हा एनईसी ऐकतो आणि बॉक्सच्या भाषेत, म्हणजे आरसी-५ मध्ये, टॉगलसकट बोलतो. आयआर एलईडी बॉक्सच्या डोळ्यासमोर चिकटपट्टीने लावलाय, इतक्या जवळून फार ताकद लागत नाही, पिनवरून २२० ओहमचा रेझिस्टर लावून थेट जोडला तरी पुरतो. खोलीभर पोचवायचं असेल तर मात्र मधे ट्रान्झिस्टर लागेल.

प्रोग्राम अगदी छोटा आहे. पूर्ण एनईसी संदेश आला की टॉगल उलटा करून पाठव, छोटा इशारा आला की टॉगल तसाच ठेवून पाठव. लायब्ररीत टॉगलआरसी५ नावाचं फंक्शन तयार आहे. पाठवताना रिसीव्हर बंद ठेवा नाहीतर तो स्वतःचंच बोलणं ऐकतो. हे लावलं आणि लगेच उलटा त्रास सुरू झाला, एक जरा जास्त वेळ दाबलं की १११ यायला लागलं. दोन तास गेले यात. मग परत डंप बघितला तेव्हा कळलं की हा मोठ्या बटणांचा रिमोट शिकलेलं म्हणताना छोटा इशारा पाठवतच नाही, दर वेळी पूर्ण संदेशच फेकतो, शेवटी पोपटच तो. म्हणून एक अट वाढवली, तोच पूर्ण संदेश आधीच्यानंतर १५० मिलिसेकंदांच्या आत आला तर ते धरून ठेवलेलं समजायचं. संदेश येतात साधारण ११० मिलिसेकंदांनी आणि इतक्या झटपट बोट उचलून परत दाबणं बाबांना काय मलाही जमत नाही, त्यामुळे दोन्हीत गल्लत होत नाही. तुमच्या रिमोटचं अंतर वेगळं असू शकतं, ते मोजून मग आकडा ठरवा.

या निमित्ताने घरात जमलेले सगळे रिमोट मी काढले आणि प्रत्येकावर हीच ११ ची परीक्षा घेतली. बाजारात दीडशे-दोनशेला मिळणारे नुसते शिकणारे रिमोट सगळे नापास, त्यांच्याकडून ती अपेक्षाच नाही. तयार कोडवाले साधे युनिव्हर्सल रिमोट कोड बरोबर लागला की पास, आणि माझ्या मते घरातल्या वयस्कर माणसांसाठी आजही तेच सगळ्यात भरवशाचे. डीटीएचच्या रिमोटवर टीव्हीची जी दोन-तीन बटणं शिकवता येतात त्यांनाही हाच नियम, टीव्ही आरसी-५ चा असेल तर आवाज टकटक करून वाढत नाही, बटण धरून ठेवायचं. मोबाईलमधल्या आयआर ब्लास्टरचं, म्हणजे रिमोटसारखे सिग्नल पाठवणाऱ्या एलईडीचं, सगळं ॲपवर आहे, माझ्या फोनवर एका ॲपने टॉगल नीट केला, दुसऱ्याने त्याच उपकरणाला नाही. लॉजिटेकचे हार्मनी रिमोट या छंदातल्या लोकांचे लाडके होते पण कंपनीने २०२१ मध्ये ते बनवणं बंद केलं, त्यामुळे जुना घेणार असाल तर बॅटरी बघून घ्या.

मला मनापासून आवडतात ते वन फॉर ऑलचे जेपी१ वाले जुने रिमोट, बॅटरीच्या खाचेत सहा पिनांचा कनेक्टर असलेले. केबल लावून त्यांची मेमरी कॉम्प्युटरवर उघडता येते, शिकलेला सिग्नल कुठला प्रोटोकॉल, कुठला पत्ता, कुठलं बटण हे वाचता येतं, आणि मग तो रेकॉर्ड केलेला तुकडा पुसून त्याच्या जागी रिमोटने स्वतः बनवायचा खरा कोड बसवता येतो. म्हणजे पोपटाला भाषा शिकवता येते. हे रिमोट आपल्याकडे सहज मिळत नाहीत, माझा अमेरिकेहून आलेल्या मावसभावाने आणलाय, आणि त्याच्यावर मी दुभाषाशिवाय ११ पास करून दाखवलंय, पण त्याची बटणं बारीक आहेत म्हणून तो माझ्या टेबलावरच राहिला.

आणि हे सगळं ओरिजिनल रिमोट चालू आहे तोवरच करून ठेवा. मी आता घरातल्या प्रत्येक रिमोटच्या प्रत्येक बटणाचा डंप फाईलमध्ये ठेवलाय, आरसी-५ वाल्यांचे दोन दोन, सी आणि ८०सी दोन्ही, म्हणजे उद्या एखादा रिमोट पाण्यात पडला तरी त्याला काय म्हणायचं होतं हे माझ्याकडे लिहिलेलं असेल.